डाव्या पानाची पेटी

"पानांना हल्ली लाजच उरली नाही. धरावं तिथं फाटतात मेली."

थोरली हे ओठांतल्या ओठांत पुटपुटली, पण धाकटीला ऐकू गेलंच. दोघींच्या कोपरांमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं, आणि गेली बावीस वर्षं तेवढंच होतं. धाकटीनं मान वर केली नाही. समोरच्या पानावरून बोट फिरवत ती म्हणाली, "ओलावा कमी पडला असेल, जाऊबाई. पाणी मारू का?"

"मार. नाहीतरी आजकाल तू सगळ्यावरच पाणी शिंपडत असतेस."

धाकटीनं फवाऱ्याची बाटली उचलली आणि पानांवर हलकंसं धुकं धरलं. फाटलेलं पान थोरलीनं केव्हाच बाजूच्या टोपलीत टाकलं होतं, दुसऱ्या तुकड्यांच्या खाली, कोणाला दिसू नये असं. धाकटीला ते दिसलं होतं. आणि दिसलेलं दिसलं नाही असं दाखवण्यात धाकटी आता इतकी तरबेज झाली होती, की ती एक वेगळीच कला म्हणून शिकवता आली असती.

या दोघी सख्ख्या भावांना दिलेल्या जावा. एकाच घरात वर-खाली राहायच्या, एकाच वेळी निघायच्या, एकाच टेबलावर बसायच्या. चिरूट वळायची ती खोली लांबलचक होती. एका बाजूला उंच खिडक्या, त्यांतून उन्हाशिवायचा नुसता उजेड यायचा. खाली बारा टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर एक जोडी. जोडीतली एक चिरुटाचा गाभा बांधायची, दुसरी त्यावर वरचं पान चढवायची. गाभा बांधणं धाकटीकडे, वरचं पान थोरलीकडे.

गाभ्याचं काम कोणाला दिसत नाही. सुकी लांब पानं मुठीत घ्यायची, पंख्याच्या घड्यांसारखी एकमेकांवर दुमडायची, मधून वाऱ्याला वाट ठेवायची. फार आवळलं तर ओढणाऱ्याचे गाल बसतात आणि धूर येत नाही. सैल राहिलं तर चिरूट शेकोटीसारखा भसाभसा पेटतो. मग ही मूठ एका जाड, चिवट, रूपानं यथातथा अशा पानावर तिरकी ठेवायची आणि गुंडाळायची. हे आतलं पान. त्यानंतर तो गाभा लाकडी साच्यात, साचा दाबाखाली, आणि पाऊण तासानं बाहेर. धाकटी म्हणायची, "आपलं काम म्हणजे आतला बनियन. फाटका असून चालत नाही, आणि चांगला असला तर कोणी बघत नाही."

लोक बघतात ते वरचं पान. कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. मधली शीर काढली की त्याचे दोन भाग होतात, एक उजवं अर्धं आणि एक डावं. उजवं अर्धं एका अंगानं गुंडाळलं जातं, डावं दुसऱ्या अंगानं, कारण पानाच्या बारीक शिरा जिकडे झुकतात तिकडेच ते सरळ बसतं. आणि या धंद्यातला पहिला नियम असा, की वरचं पान ज्या बाजूनं चढणार त्याच्या उलट बाजूनं आतलं पान चढलेलं असायला हवं. दोघांनी एकमेकांना विरुद्ध बाजूंनी धरून ठेवायचं. दोन्ही एकाच अंगानं गेली, तर सुकताना चिरूट स्वतःला पिळून घेतो, ओल्या फडक्यासारखा. आणि एकदा पीळ पडला की तो काही केल्या जात नाही.

त्या खोलीची जुनी रीत होती: लांब चिरुटाला उजवं पान, आखुडाला डावं. लांब चिरूट फक्त पुढच्या चार टेबलांवर व्हायचे आणि त्या चारांत थोरलीचं टेबल पहिलं. तिच्या हाताखालून गेलेल्या चिरुटावर पानाचा जोड शोधायला भिंग लागायचं. हे मालक सांगायचे, थोरली नाही. थोरली म्हणायची, "भिंग घेऊन बघत बसणाऱ्याला ओढायला वेळ कधी मिळणार?"

तर हा हात, वर्षभरापूर्वी, थरथरायला लागला.

उजवा अंगठा आधी. उजवं अर्धं पान चढवताना डावा हात चिरूट फिरवतो आणि उजवा अंगठा पान ताणून धरतो. ताणायचं किती? बाळाच्या गालावरचा घास पुसावा तितकं. त्याहून जास्त ताणलं तर पान फाटतं, कमी ताणलं तर सुरकुती राहते. एका सकाळी थोरलीचे तीन चिरूट सुरकुतले. चौथ्या पानाला भोक पडलं. तिनं खिडकीकडे बघून हवेला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी पानं वाटणारी आली. तिला सगळे लिंबू म्हणत, कारण तिचा चेहरा कायम नुकतंच लिंबू चाखल्यासारखा असायचा आणि बोलणंही तसंच. तिनं थोरलीपुढे डाव्या अर्ध्या पानांचा गठ्ठा ठेवला.

"उजवी संपली," लिंबू म्हणाली.

उजव्या पानांचा ढीग तिच्या पाठीमागच्याच फळीवर, सगळ्या खोलीला दिसेल असा पडला होता. थोरलीनं त्या ढिगाकडे बघितलं, मग लिंबूकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली.

आणि तिनं डावं पान उचललं. आता सगळं आरशातल्यासारखं उलट झालं. चिरूट उजव्या हातानं नुसता फिरवायचा, आणि ताणायचं काम डाव्या अंगठ्याचं. डावा अंगठा शाबूत होता. पहिले चार-पाच अडखळत झाले, मग जमले. धाकटीनं तिरक्या नजरेनं बघितलं आणि पुढचा गाभा बांधताना आतलं पान दुसऱ्या अंगानं घातलं.

ऐकायला सोपं वाटतं. एकवीस वर्षं ज्या अंगानं बोटं धावली, ती एका सकाळी उलटी धावत नाहीत. धाकटी घरी जेवणाच्या टेबलावर बसून पेन्सिलीवर रुमाल गुंडाळायची, उलट्या बाजूनं, पुन्हा सोडायची, पुन्हा गुंडाळायची. नवऱ्यानं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "पेन्सिलीला थंडी वाजते का?"

"हो. आणि तुम्ही तोंड मिटलंत तर वारा कमी येईल."

राहिला तपासनीस. हा माणूस म्हणजे फूटपट्टी, आणि नावही तेच पडलेलं. त्याच्याजवळ पितळेची एक कडी असायची. त्यातून चिरूट जायला हवा, आणि केसभर जागा उरली तरी परत. स्वतःच्या मेहुण्याचे चिरूट त्यानं परत पाठवले होते, त्यावरून सासुरवाडी वर्षभर बोलत नव्हती. त्यानं थोरलीचा ट्रे बघितला. लांब चिरुटांवरच्या तिरक्या रेषा उलट्या बाजूला झुकलेल्या. एका पेटीतल्या सगळ्या रेषा एकाच बाजूला झुकलेल्या हव्यात, नाहीतर पेटी उघडल्यावर दात किडल्यासारखी दिसते. फूटपट्टीनं कडी लावली, काढली, नाकानं एक आवाज केला. मग कोपऱ्यातून एक रिकामी पेटी आणली आणि थोरलीचे सगळे चिरूट तिच्यात वेगळे लावले. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक लिहिलं: डा.

"जागा अडवून ठेवतेय ही पेटी," तो कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. "पण असू दे."

घरीही तेच. थोरलीचे यजमान चहा करायचे ते आता सगळ्यांचेच कप अर्धे भरायला लागले. एकटीचा अर्धा भरला तर दिसलं असतं. धाकटीचा नवरा एकदा बोलून गेला, "दादा, तुझ्याकडे हल्ली चहा मिळत नाही, चहाची आठवण मिळते." धाकटीनं टेबलाखालून त्याच्या नडगीवर अशी लाथ मारली, की तो त्यानंतर आठवणीलाही छान म्हणू लागला.

वर्षभर असं चाललं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं ती मूठ झाकायला पाच-सहा जणांचे हात लागले होते. सगळ्यांना सगळं माहीत, आणि कोणी काही बोलायचं नाही. बोललं की त्याचं पुढे काहीतरी करावं लागतं. त्या कारखान्यात ज्याचा हात गेला त्याची जागा ठरलेली होती: मागची खोली. तिथं खिडकी नव्हती, जोडी नव्हती. दिवसभर पानांच्या शिरा ओढून काढायच्या आणि पोतं भरायचं. माणसं तिथं जायची आणि मग त्यांचा विषय निघाला तर "होती चांगली" असं म्हटलं जायचं, जिवंतपणी.

धाकटीला मध्येच वाटायचं, आपण हे जावेसाठी करतो की स्वतःसाठी? दुसऱ्या कोणाच्या कोपराशेजारी बसायचं हा विचारच तिला सहन व्हायचा नाही. ती या घरात आली तेव्हा तिचे हात लाकडाचे होते. तिनं बांधलेला गाभा उंदीर गिळलेल्या सापासारखा दिसायचा. मध्ये फुगलेला, शेपटीला रोड. तिच्याबरोबर जोडी करायला कोणी तयार नव्हतं. थोरली तेव्हा खोलीतली सगळ्यात वेगवान बाई होती, तिला हवी ती जोडीदारीण मिळाली असती. ती उठून धाकटीशेजारी येऊन बसली. दोन वर्षं तिनं त्या उंदरांवर पान चढवलं. फुगवट्यावर पान जरा मोकळं सोडायचं, खळग्यावर एक वेढा जवळ आणायचा, टोकाला पानाची टोपी बसवताना चिकट खळीचं बोट जास्त फिरवायचं, आणि चिरूट असा बाहेर पडायचा की जणू आत सगळं सुरळीत आहे. त्या दोन वर्षांत थोरलीनं एकदाही तक्रार केली नाही. तशी ती हवेबद्दल, खुर्चीबद्दल, लिंबूबद्दल, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल रोज करायची. धाकटीच्या गाभ्याबद्दल कधीच नाही. आणि एका दुपारी एक गाभा तळहातावर फिरवून बघत ती म्हणाली, "आज मला काही झाकावं लागलं नाही."

बस. तेवढंच. धाकटी त्या दिवशी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर जाऊन रडून आली. आभार मानायचं तिच्या शंभरदा मनात आलं होतं. पण जावाजावांत आभार कोण मानतं? आभार डॉक्टरचे मानायचे, किंवा रस्ता दाखवणाऱ्या अनोळखी माणसाचे. घरातल्या माणसाला कशाच्या तोंडानं म्हणायचं?

मग एका शनिवारी मालक हात चोळत खोलीत आले. चांगला माणूस, दोष एकच, की आनंद झाला की त्यांना तो लपवता यायचा नाही.

"ती डावी पेटी!" ते म्हणाले. "एका व्यापाऱ्यानं बघितली. म्हणतात, लांब चिरुटाला डावं पान असं चढवलेलं आपण उभ्या जन्मात बघितलं नाही. मंगळवारी स्वतः येणार आहेत. हात बघायचाय म्हणतात, हात!"

फूटपट्टीच्या हातातली पितळी कडी खाली पडली आणि टेबलाखाली घरंगळत गेली. वर्षभर ज्या पेटीत त्यानं हे सगळं लपवलं होतं, तीच पेटी जाऊन दवंडी पिटून आली होती. तो कडी शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"बघू देत की," थोरली म्हणाली.

घरी जाताना धाकटीनं तीन वेळा तोंड उघडलं. पहिल्यांदा पावाचं दुकान आलं म्हणून पाव घेतला. दुसऱ्यांदा समोरून सायकल आली. तिसऱ्यांदा थोरलीनंच विचारलं, "काय गं, काही अडकलंय का घशात?"

"नाही, खोकला आहे जरा."

"मग खोक. धरून ठेवू नये."

धाकटी खोकली. खोटंखोटं, दोनदा. थोरली पुढे बघत चालत राहिली.

मंगळवारी व्यापारी आले. बुटके, म्हातारे, मऊ बुटांतले. खोलीत शिरताच त्यांनी खोल श्वास घेतला, आणि धाकटीची नजर त्यांच्या नखांवर गेली. नखांच्या कडांना तो जुना तपकिरी रंग होता. हा माणूस कधीकाळी स्वतः टेबलावर बसलेला होता. याच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. ते स्टूल ओढून थोरलीच्या समोर बसले.

"चालू द्या बाई. मी आहे असं समजूच नका."

"तुम्ही माझ्या उजेडात बसलाय," थोरली म्हणाली. "ते कसं समजू नको?"

ते हसून बाजूला सरकले. थोरलीनं डावं पान समोरच्या कापायच्या फळीवर पसरलं, गुळगुळीत बाजू खाली, शिरांची वर, म्हणजे गुंडाळल्यावर शिरा आत जातात. अर्धचंद्री पात्यानं एका झटक्यात कड कापली. धाकटीनं दिलेला गाभा पानाच्या शेंड्याशी तिरका टेकवला, कारण शेंडा सगळ्यात सौम्य असतो, तो पेटवायच्या टोकाला यायला हवा. आणि मग डाव्या अंगठ्यानं पान ताणत, उजव्या तळव्यानं चिरूट नुसता पुढे लोटत ती वर निघाली. वेढ्यावर वेढा, एकसारखा. शेवटी खळीचं एक बोट, पानाचीच छोटी गोल टोपी, आणि झालं. व्यापाऱ्यांनी चिरूट उचलून उजेडात धरला. धाकटीच्या मनात आलं, आता उठा, देवमाणसा, आणि जा.

पण मालकांचा आनंद उतू जात होता. "हे काहीच नाही! आता उजवं लावून दाखव. अहो, दोन्ही हातांना सारखीच आहे ती. लिंबू, उजवी पानं आण!"

"उजवी..." लिंबूनं सुरुवात केली, आणि मालक स्वतःच फळीवरून गठ्ठा घेऊन आले.

"दोन्ही शेजारी ठेवून बघायला मला फार आवडेल," व्यापारी म्हणाले, अगदी आदरानं.

थोरलीनं गाभ्यासाठी हात पुढे केला. धाकटीच्या साच्यात दहाच्या दहा गाभे डाव्या पानाच्या हिशेबानं बांधलेले होते. उजव्या पानाला ते चालणारच नव्हते. शेजारच्या टेबलावर योग्य अंगानं बांधलेले होते, हात लांब केला की मिळाले असते. धाकटीनं हात लांब केला नाही. आपल्याच साच्यातला चुकीचा गाभा तिनं मुद्दाम दिला, म्हणजे जे काही बिघडेल त्याचं बोट आपल्याकडे वळेल.

थोरलीनं तो तळहातावर एकदा फिरवला. एकदाच. तिला कळलं. तिनं धाकटीकडे बघितलं, बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं इतका वेळ. मग उजवं पान फळीवर पसरलं.

पहिला वेढा बसला. दुसऱ्यावर उजवा अंगठा थरथरला आणि पान फाटलं. तो आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्या खोलीनं ऐकला. कारण अकरा टेबलांवरचे हात थांबलेले होते. थोरलीनं दुसरं पान घेतलं. तेही फाटलं.

"पानंच खराब आहेत ती," लिंबू एकदम म्हणाली. "मी सांगणारच होते. सगळा गठ्ठा फुकट गेलाय."

"हवा कोरडी आहे," फूटपट्टी म्हणाला. "सकाळी कोणीतरी खिडक्या उघड्या ठेवल्या. मीच ठेवल्या."

"माझी चूक आहे, मालक," धाकटी उभी राहिली. "मी आतलं पान उलटं घातलंय. बघा ना, दोन्ही एकाच अंगानं चाललीत. अशा गाभ्यावर कोणाचंही पान फाटेल. त्या काय करणार?"

पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "टेबल हलतंय ते. कधीपासून हलतंय." टेबल दगडासारखं घट्ट होतं.

मालक एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. व्यापारी फाटलेल्या पानाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून असं वाटत होतं, की त्यांना हवेबद्दल काही विचारायचं नाही.

थोरलीनं पातं खाली ठेवलं. उजवा हात फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला, आणि त्याला थरथरू दिलं.

"पान चांगलं आहे," ती म्हणाली. "खिडक्या सकाळपासून बंद आहेत. टेबल हलत असतं तर मी त्याला आजवर सोडलं असतं का? आणि हिचं आतलं पान वीस वर्षांत चुकलेलं नाही. वर्षभर ही माझ्या डाव्या हाताला जुळेल असं घालतेय, आणि आज माझा आळ स्वतःवर यावा म्हणून तेच दिलंय हिनं. बस खाली, वेडे. मालक, या लोकांनी वर्षभर मला सांभाळलं. पानं दिली, पेट्या वेगळ्या केल्या, घरी कप अर्धे भरले. मला कळत नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी वाटायचं, आभार मानावेत. पण आभार मानायचे म्हणजे कशाबद्दल ते सांगावं लागतं, आणि तेवढं धाडस मला झालं नाही. आज सांगते. माझा उजवा हात गेलाय."